खाबगाह, सेल्फ आणि नमाजखाना: इराणी विद्यार्थ्यांच्या राहणीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इराणमधल्या विद्यापीठांवर लेख होता. त्यात आम्ही म्हटलं होतं की तिथल्या विद्यार्थ्याचं वागणं समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट वेगळी काढावी लागते: अमुक बाब सरकारी नियम आहे, शिया धर्मशास्त्रातला मसला, म्हणजे धर्मनियम, आहे की घराघरातली इराणी रीत आहे. आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न या तिन्हींची गल्लत झाल्यानेच पडलेले दिसतात. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: लेखात विद्यार्थी दिवसातून तीनदा नमाज पढतात असं छापलं आहे. पाचदा हवं ना?

नमाज पाचच आहेत आणि फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकातीही (नमाजेतली आवर्तनं) सतराच. पण जाफरी, म्हणजे इराणमधल्या शिया, पंथात दुपारची जोहर आणि त्यानंतरची असर लागोपाठ पढता येतात, तसंच सूर्यास्तानंतरची मगरिब आणि रात्रीची इशा. म्हणून नमाजखान्यात जायच्या वेळा तीन होतात: पहाट, दुपार आणि सूर्यास्तानंतर. विद्यापीठाचं वेळापत्रकही याच सोयीवर बसवलेलं असतं. दुपारी बाराच्या सुमारास तास थांबतात आणि त्याच सुट्टीत नमाज आणि जेवण दोन्ही उरकतं. २०२२ नंतर उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं बंद झालं, त्यामुळे तेहरानात जोहरची अजान आता वर्षभर पावणेबारा ते सव्वाबाराच्या आसपासच होते.

वजूची, म्हणजे नमाजआधीच्या शुद्धीची, पद्धतही थोडी निराळी आहे आणि नवखे तिथे चुकतात. आधी चेहरा, मग उजवा आणि डावा हात कोपरापासून बोटांकडे धुवायचा. त्यानंतर नळाला पुन्हा हात लावायचा नाही. हातावर उरलेल्या ओलीनेच डोक्याच्या पुढच्या भागावर आणि मग दोन्ही पावलांवर बोटांपासून घोट्याकडे हात फिरवायचा. पाय आधीच ओला असेल तर हाताची ओल त्यावर उमटत नाही आणि मसह, म्हणजे हे ओला हात फिरवणं, ग्राह्य धरला जात नाही. म्हणून पाऊल आधी पुसून घेतात. मोजे काढावेच लागतात. नखांवर पॉलिश असेल तर पाणी नखापर्यंत पोचत नाही, त्यामुळे वजू होत नाही.

सजद्यात, म्हणजे नमाजेत डोकं टेकवताना, कपाळ मातीवर किंवा जमिनीतून उगवलेल्या, पण खाण्या-नेसण्यात न येणाऱ्या वस्तूवर टेकायचं असतं. गालिचा चालत नाही. नमाजखान्याच्या दाराशी मातीच्या छोट्या वड्या, म्हणजे मोहर, ठेवलेल्या असतात त्या यासाठी. मोहर हाताशी नसेल तर विद्यार्थी वहीचं पान किंवा कागदी रुमाल पुढे ठेवतात आणि बहुतेक मरजांच्या, म्हणजे ज्यांचं मत शिया माणूस प्रमाण मानतो त्या वरिष्ठ धर्मशास्त्र्यांच्या, मते ते चालतं. कुर्दिस्तान, बलुचिस्तान आणि तुर्कमेन भागातून आलेल्या सुन्नी विद्यार्थ्यांची पद्धत अर्थातच वेगळी. ते पाच वेळा, हात बांधून आणि मोहरशिवाय नमाज पढतात.

प्रश्न: वसतिगृहात राहणारा विद्यार्थी ‘प्रवासी’ ठरतो, त्यामुळे त्याचा रोजाच होत नाही, असं ऐकलं. मग रमजानात निम्मं वसतिगृह रोज्याविना असतं का?

हा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. रमजान जवळ आला की खाबगाहात, म्हणजे वसतिगृहात, सगळ्यांत जास्त चर्चा याचीच होते. टप्प्याटप्प्याने पाहू.

मूळ मसला असा: जाण्या-येण्याचं मिळून अंतर आठ फरसख, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटर झालं आणि मुक्काम दहा दिवसांपेक्षा कमी असला, तर माणूस प्रवासी. त्याने जोहर, असर आणि इशा या चार रकातींच्या नमाज दोन रकातींत पढायच्या. पहाटेची फजर आणि मगरिब बदलत नाहीत. प्रवाशाने रोजा ठेवायचा नाही. राहिलेले रोजे पुढच्या रमजानआधी भरून काढायचे.

आता विद्यार्थ्याचं पाहा. एखाद्याने एका गावात सलग दहा दिवस राहायचा पक्का इरादा केला की तिथे त्याची नमाज पूर्ण आणि रोजाही होतो. घर काझवीनला आणि विद्यापीठ तेहरानात असलेला, सुमारे दीडशे किलोमीटरवरून दर गुरुवारी घरी जाणारा मुलगा हा इरादा करू शकत नाही, कारण दहा दिवस सलग भरतच नाहीत. खरी अडचण याच मुलाची आहे. त्यावर मरजांची मतं एकसारखी नाहीत. काहींच्या मते शिक्षणासाठी वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून जास्त जिथे राहायचं आहे ती जागा वतनासारखीच, म्हणजे स्वतःच्या गावासारखीच, तिथे सगळं पूर्ण. काही सततच्या येण्याजाण्याकडे पाहतात आणि ते किती वारंवार आहे यावर निकाल देतात. म्हणून एकाच खोलीतले दोघे मित्र, दोघेही तितकेच श्रद्धाळू, एक रोज्यात आणि एक नाही, असं दिसू शकतं. त्यात कोणी कामचुकार नसतो. दोघांचे मरजा वेगळे असतात, इतकंच.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या मरजाच्या रिसाल्यातलं, म्हणजे त्याच्या फतव्यांच्या पुस्तकातलं, मुसाफिराच्या नमाजेचं प्रकरण वाचणं. खोलीतल्या मित्राचं उत्तर उचलणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. विद्यापीठात देशाच्या सर्वोच्च नेत्याच्या प्रतिनिधीचं कार्यालय असतं. तिथला मौलवी नुसतं ‘विद्यार्थी आहे’ ऐकून उत्तर देत नाही. घर किती दूर, किती दिवसांनी जातोस, शिक्षण अजून किती वर्षं, मरजा कोण, हे चार प्रश्न विचारूनच तो बोलतो.

रमजानात गावाला ये-जा करणाऱ्यांसाठी बसची वेळ महत्त्वाची असते. जोहरच्या अजानीनंतर निघालं तर त्या दिवसाचा रोजा टिकतो. आधी निघालं तर सहसा टिकत नाही, पण शहराची हद्द मागे पडेपर्यंत तोडायचाही नसतो. इथे बरेच जण चुकतात. सकाळी निघायचं आहे म्हणून घरातूनच नाश्ता करून निघतात, आणि अशा वेळी नुसता कजा, म्हणजे नंतर भरून दिलेला, रोजा भागत नाही, कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्तही, लागू शकतो. परतीच्या वाटेवर उलट: काही न खाता-पिता जोहरआधी स्वतःच्या गावी किंवा दहा दिवस राहायचं आहे तिथे पोचलं तर त्या दिवसाचा रोजा ठेवावा लागतो. म्हणून रमजानातल्या गुरुवारी दुपारी एकनंतरच्या बसची तिकिटं आधी संपतात. पुढच्या रमजानपर्यंत रोजे विनाकारण भरले नाहीत तर दर रोज्यामागे एक मुद्द, म्हणजे सुमारे ७५० ग्रॅम गहू किंवा तत्सम धान्य, गरजूला द्यायचं, आणि रोजा डोक्यावर राहतोच.

प्रश्न: रमजानात मेस बंद असते का? इफ्तार सूर्यास्ताला की नंतर?

मेसला तिथे सेल्फ म्हणतात. रमजानात दुपारचं जेवण बंद होतं आणि त्याऐवजी इफ्तार आणि सहरी मिळते. बऱ्याच विद्यापीठांत सहरीचा डबा संध्याकाळीच हातात देतात. तो फ्रीजमध्ये ठेवून पहाटे गरम करायचा. मजल्यावर फ्रीज एक आणि डबे चाळीस असले की डब्यावर नाव लिहिणं भाग पडतं. भात उघडा राहिला तर कडक होतो, म्हणून गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवतात.

शिया इफ्तार सूर्य मावळताक्षणी होत नाही. पूर्वेकडची लाली डोक्यावरून सरेपर्यंत थांबतात, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण पंधरा-वीस मिनिटं. सुन्नी मित्राचा रोजा आधी सुटतो तो यामुळे. आधी गरम पाणी किंवा चहा आणि खजूर, मग ब्रेड, पनीर, सब्जी (म्हणजे कच्चा हिरवा पाला), आश हे दाट सूप, आणि गोडात जुलबिया-बामिये.

रोजा नसलेल्यांनी काय करायचं? खोलीत खायचं. रमजानात उघड्यावर खाणं-पिणं, धूम्रपानही, इराणच्या दंडसंहितेच्या ६३८व्या कलमाखाली गुन्हा धरला जातो. प्रवासी, आजारी आणि पाळीतल्या मुली धर्मशास्त्रानुसार रोज्यातून मोकळ्या असतात, तरी हा कायदा त्यांनाही लागू. धर्म सूट देतो आणि कायदा देत नाही, असा हा प्रसंग.

१९, २१ आणि २३ रमजानच्या रात्री जागरणाच्या. २१ तारखेला सुट्टी असते, बाकी दोन दिवशी सकाळचे वर्ग ओस पडतात. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१६ मध्ये तो जूनमध्ये, ऐन सत्रपरीक्षांत आला होता. तेहरानात रोजा सोळा तासांच्या वर होता. आता तो हिवाळ्याच्या शेवटाला येतो, त्यामुळे विद्यार्थ्यांना बराच हलका जातो.

प्रश्न: सेल्फमध्ये जाऊन पैसे भरले की जेवण मिळतं का?

नाही. जेवण आदल्या आठवड्यातच ऑनलाइन नोंदवावं लागतं. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी ‘समाद’ ही प्रणाली वापरतात. नोंदणीची मुदत आठवड्याच्या शेवटी संपते आणि शनिवारी नवा आठवडा सुरू होतो. नवखे विद्यार्थी पहिल्या शनिवारी हमखास उपाशी राहतात ते या शनिवारच्या हिशेबामुळे. कार्ड विसरलं तर प्रणालीतून ‘विसरल्याचा कोड’ मिळतो. नोंदवलेलं जेवण नको असेल तर तोच कोड विद्यार्थी गटात टाकतात आणि दुसरा कोणी जेवतो. अनुदानामुळे बाहेरच्यापेक्षा हे जेवण खूप स्वस्त पडतं. ताक, दही किंवा कोशिंबीर वेगळी घ्यावी लागते. दर रियालमध्ये लिहिलेले असतात, बोलताना मात्र सगळे तोमानच म्हणतात. एक तोमान म्हणजे दहा रियाल, तेव्हा एक शून्य कमी करून ऐका. परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथे चालत नाही. स्थानिक बँकेचं कार्ड लागतंच.

बहुतेक सेल्फांत मुलं आणि मुली वेगळे बसतात. २०२२ च्या आंदोलनात शरीफ विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून याच विभागणीला विरोध केला होता.

प्रश्न: विद्यापीठात मुलींना चादर सक्तीची आहे का?

नाही, बहुसंख्य विद्यापीठांत नाही. चादर म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचं सलग वस्त्र, आणि सर्वसाधारण विद्यापीठांत ती ऐच्छिक असते. मागणी असते ती डोकं झाकण्याची आणि सैल, लांब मांतोची, म्हणजे कोटासारख्या अंगरख्याची. बऱ्याच विद्यापीठांत ओढणीसारख्या स्कार्फऐवजी मकनाए लागते. ती शिवलेली असते, चेहऱ्याभोवती घट्ट बसते आणि सरकत नाही. मुलांना अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचा शर्ट चालत नाही. फाटकावर हरासत, म्हणजे सुरक्षा विभाग, असतो. हरकत घेतली गेली तर आधी समज, मग लेखी हमी आणि पुढे शिस्तपालन समिती. समितीचा निकाल सत्राच्या निलंबनापर्यंत जाऊ शकतो.

हिजाबची सक्ती १९८३ पासून दंडकायद्यात आहे. हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनी यांचा १६ सप्टेंबर २०२२ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. त्यानंतरच्या आंदोलनात विद्यापीठं आघाडीवर होती आणि अनेक विद्यार्थ्यांना अटक, निलंबन भोगावं लागलं. तेव्हापासून मोठ्या शहरांच्या रस्त्यांवर डोकं न झाकणाऱ्या तरुणी सर्रास दिसतात. फाटकाच्या आत मात्र चित्र विद्यापीठागणिक आणि महिन्यागणिक बदलतं. म्हणून कोणाचा जुना अनुभव नियम समजू नका. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी: मनापासून चादर घेणारी मुलगी आणि सक्तीला विरोध करणारी मुलगी एकाच खोलीत राहतात, एकमेकींच्या नोट्स वापरतात. त्या दोघींपैकी एकच ‘खरी इराणी’ ठरवणं अन्यायाचं आहे.

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यालाही धर्माचे पेपर असतात का?

असतात. पदवीच्या साधारण १३० ते १४० युनिटांपैकी, म्हणजे श्रेयांकांपैकी, १२ युनिटं इस्लामी विषयांची: इस्लामी विचार १ आणि २, नीतिशास्त्र, इस्लामी क्रांती, इस्लामचा इतिहास आणि कुराण किंवा तत्सम ग्रंथांचा अभ्यास. शिवाय कुटुंबविषयक दोन युनिटं सर्वांना. गुण वीसपैकी. पदवीला दहाला उत्तीर्ण, पण सत्राची सरासरी बाराच्या खाली गेली तर विद्यार्थी ‘मशरूत’ होतो आणि पुढच्या सत्रात त्याला कमी युनिटं मिळतात. सरासरी सतरा असेल तर एरवीच्या वीसऐवजी चोवीस युनिटं घेता येतात. त्यामुळे बरेच जण अवघड गणिताच्या सत्रात हे दोन युनिटांचे विषय सरासरी सावरायला घेतात. आमच्या मते, चांगला शिक्षक लाभला तर इतिहासाचा पेपर घेण्यासारखा आहे.

राज्यघटनेने मान्य केलेले झोरोआस्ट्रियन, ज्यू आणि ख्रिस्ती विद्यार्थी विद्यापीठांत शिकतात. बहाईंना मात्र १९९१ च्या एका अंतर्गत आदेशाने प्रवेश नाकारला जातो, आणि त्याआधीपासूनच, १९८७ पासून, ते स्वतःची पर्यायी शिक्षणसंस्था चालवत आहेत. हे सांगितल्याशिवाय तिथल्या विद्यार्थिजीवनाचं चित्र पुरं होत नाही.

प्रश्न: खाबगाहात तहदीग करतात म्हणे. नेमकं कसं?

पातेल्याच्या तळाशी लागलेला कुरकुरीत सोनेरी थर म्हणजे तहदीग. खोलीत सहसा एक पलोपज असतो. हा विजेचा भात शिजवायचा डबा, आणि इराणी बनावटीच्या डब्याला तळाचा रंग ठरवणारं बटणही असतं. चौघांसाठी तीन मापं तांदूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि एक चमचा मीठ घालून अर्धा तास भिजवा. ते पाणी ओतून टाका. डब्यात तीन मोठे चमचे तेल, त्यावर लवाशचे, म्हणजे पातळ इराणी रोटीचे, तुकडे किंवा अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या बटाट्याच्या चकत्या एका थरात, मग तांदूळ, साडेचार मापं पाणी आणि थोडं मीठ. पाणी आटून वर भोकं पडली की झाकणाला कापड गुंडाळून बसवा आणि बटण मधल्या रंगावर ठेवा. पाऊण तास ते तास.

बिघडतं ते असं. पाणी जास्त झालं तर भात गिच्च होतो. कापड नसेल तर झाकणाची वाफ परत भातावर गळते. तेल कमी पडलं तर तहदीग तळाला चिकटतो. लवाश बटाट्यापेक्षा लवकर करपतो, म्हणून त्यासाठी बटण एक घर कमी. काढण्याआधी डबा बंद करून आतलं भांडं मिनिटभर थंड पाण्यात टेकवलं की थर अख्खा सुटतो.

स्वयंपाक आणि भांडी ज्याच्या पाळीची तो त्या दिवसाचा ‘शहरदार’. खर्च ‘दोंग’ने, म्हणजे माणशी सारखा. इथे तआरोफ, म्हणजे शिष्टाचारापुरता नको-घ्या करणं, चालत नाही, महिन्याच्या शेवटी हिशेब चोख लागतो. पण खोलीत कोणी आला तर ‘बफरमायीद’ (घ्या ना) म्हणून ताट पुढे केलं जातंच. पाहुण्याने एक-दोनदा नको म्हणावं, आग्रह टिकला तर घ्यावं. दुकानदार किंवा टॅक्सीवाला ‘काबेल नदारे’ म्हणून पैसे नको म्हणाला तरी पैसे द्यायचेच असतात.

प्रश्न: मुलगा-मुलीची मैत्री आणि विद्यार्थी असतानाच लग्न, हे कसं जमवतात?

वर्ग एकत्र, गटकार्य एकत्र, कॅम्पसबाहेर कॅफेत भेटणंही होतं. अधिकृत भूमिका वेगळी आणि रोजचं वागणं वेगळं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. लग्नाकडे वळलं की मात्र कागदपत्रं येतात. मुलीचं पहिलं लग्न असेल तर वडिलांची किंवा आजोबांची संमती नागरी कायद्याच्या १०४३व्या कलमाने लागते. नोंदणीआधी रक्ततपासणी सक्तीची असते. १९९७ पासून तीत थॅलेसेमिया तपासतात, आणि दोघेही वाहक निघाले तर समुपदेशनाला पाठवतात. महेर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचं कबूल केलेलं धन, सोन्याच्या नाण्यांत ठरतो. विद्यार्थ्यांच्या लग्नांत चौदा नाणी हा आकडा वरचेवर ऐकू येतो. त्याहून मोठे आकडेही लिहिले जातात, पण २०१३ च्या कुटुंबसंरक्षण कायद्यानुसार ११० नाण्यांपलीकडच्या रकमेसाठी पतीला कैदेची तरतूद लावता येत नाही. चढाओढीने मोठा आकडा लिहिणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

विद्यापीठं सामूहिक विवाहसोहळे भरवतात, नवदांपत्यांना मशहदच्या यात्रेला नेतात, विवाहकर्जही मिळतं. अडतं ते घरभाड्यावर. विवाहितांची खाबगाहं थोडी आहेत आणि त्यांची मुदतही ठरलेली असते. शिवाय मुलाची लष्करी सेवेतली सूट शिक्षणाच्या अनुमत सत्रांपुरतीच असते, पुढे सुमारे दोन वर्षांची सेवा बाकी. त्यामुळे कर्ज मिळूनही अनेक जण लग्न पुढे ढकलतात, आणि आम्हाला ते शहाणपणाचं वाटतं.

प्रश्न: कोणते सण खाबगाहात होतात आणि कोणत्या वेळी सगळे घरी जातात?

यल्दा, म्हणजे आझर महिन्याची शेवटची रात्र, २०-२१ डिसेंबरच्या सुमारास. सत्र चालू असतं, म्हणून ती खाबगाहातच होते: डाळिंब, कलिंगड, सुकामेवा आणि हाफिज या कवीच्या दिवाणातून, म्हणजे काव्यसंग्रहातून, काढलेला फाल, म्हणजे शकुन. १३ ते १५ रजबला एतेकाफ असतो. तीन दिवस रोजा ठेवून मशिदीतून अत्यावश्यक कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. विद्यार्थ्यांत त्याला मोठा प्रतिसाद असतो आणि जागांसाठी आगाऊ नोंदणी लागते. अंथरूण, दात घासायचं साहित्य, रोजची औषधं आणि चार्जर आधीच बरोबर न्यावं. विसरलेली वस्तू आणायला बाहेर पडलं आणि ते गरजेत बसलं नाही, तर एतेकाफ मोडतो. अरबईनला, म्हणजे इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याच्या चाळिसाव्या दिवशी, बरेच जण इराकात जाऊन नजफ ते करबला हे सुमारे ऐंशी किलोमीटर चालतात. त्यासाठी पासपोर्ट लागतो, आणि सेवा बाकी असलेल्या मुलांना देशाबाहेर जाण्याचा वेगळा परवानाही. तो काढायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी अर्ज करावा.

घरी जायची खरी लाट नवरोजची. सुट्टी अधिकृतपणे १ फरवर्दीनला, म्हणजे इराणी वर्षाच्या पहिल्या दिवशी, २०-२१ मार्चला, सुरू होते. पण इस्फंदच्या, म्हणजे वर्षातल्या शेवटच्या महिन्याच्या, शेवटच्या आठवड्यात वर्ग आपोआप रिकामे होतात. इथे गैरहजेरीचा हिशेब ठेवावा. एका विषयाच्या सोळा तासिकांपैकी तीनहून जास्त चुकल्या तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि शून्य गुणही लागू शकतो. आधीच तीन चुकल्या असतील तर शेवटच्या आठवड्याचा तास करूनच निघावं. १३ फरवर्दीनला सीझदह-बेदरची सहल संपली की सगळा देश एकदम परततो. परतीचं तिकीट जातानाच काढलं नसेल तर १४ तारखेला जागा मिळत नाही.